उपडी करवंटी

भांडून नाही सोडलं मी. कोणी सांगितलं तुला — गंगारामने? शिपाई आहे तो इथला, कचरा आणि बातम्या एकाच झाडूने पसरवतो. मी स्वतःहून सोडलं, सोमवारी, बाईंच्या टेबलावर कागद ठेवून. आज फक्त चावी द्यायला आलेय, आणि कपाटात माझा डबा राहिलाय. बस गो, उभी काय राहतेस — आत कमिटी बसलीय, पोहे आत्ताच गेलेत, म्हणजे अर्धा तास नक्की. तू माझ्या जागी ना? वाटलंच. नवी साडी, पदराला पिन, डी.एड.वाल्या सगळ्या अशाच येतात. पूर्ण केलंस? दोन्ही वर्षं? बरं केलंस. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं — हो, हे पण मीच सोडलं, सोडायची सवयच आहे मला असं आमचे बाबा म्हणतात. बाबा म्हणजे पंचवीस वर्षं एकाच टेबलाशी बसलेला माणूस, खुर्चीचा वेत दोनदा बदलला पण त्यांचं मत नाही बदललं. तुला म्हणून सांगते, ते पाठ टाचण असतं ना — डावीकडे शिक्षकाचा प्रश्न, उजवीकडे अपेक्षित उत्तर — त्याने डोकं फिरलं माझं. दुसरीच्या वर्गावर पाठ होता, पाऊस कुठून येतो? अपेक्षित उत्तर, ढगातून. एक पोरगा उठून म्हणाला, मिऱ्याकडून. मी म्हटलं, बरोबर. बरोबरच आहे ना, रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाने सांगावं, मिऱ्या डोंगराच्या बाजूने काळं झालं की आपण वाळत टाकलेलं उचलतो की नाही? मागे बसलेले सर काय म्हणाले माहित्ये — अपेक्षित उत्तर आलं नाही, पाठ फसला. बस. तिथून जी उठले ती घरी. हसतेस? हस, पण हळू, आत ऐकू जातं.

तर तेव्हा सगळ्या घरादाराने तोंड फिरवलं असताना या बाईंनी, सुमेधाबाईंनी, मला बोलावून घेतलं. ह्याच बाकावर. म्हणाल्या, मनू, ते टाचण फाडून टाक, मला तुझ्यासारखीच हवीय. मी मनस्विनी, पण बाईंसाठी मनू — कारण मी ह्याच बालवाडीतली. सत्त्याऐंशी साली मी चार वर्षांची होते, त्या पलीकडच्या खोलीत बसायची. बाईंचे केस तेव्हा काळे. आणि एक गोष्ट मला लख्ख आठवते, लख्ख — मी जमिनीवर काहीतरी मांडलं होतं, चिऱ्याचे तुकडे आणि शिंपले, आणि संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष आले, धोतरवाले, आणि त्यांचा पाय पडणार तेवढ्यात बाई आडव्या आल्या. म्हणाल्या, थांबा, आधी त्या पोरीला विचारा. अध्यक्षांना! एवढा मोठा माणूस वाकला गो, माझ्यासमोर वाकला, आणि म्हणाला, जाऊ का बाय इथून? त्या दिवसापासून बाई म्हणजे — काय सांगू तुला. आई मारायची तेव्हा मी मनात म्हणायची, बाईंना सांगेन.

खोली बघितलीस? दार बंद आहे, चावी माझ्याकडे, पण खिडकीतून दिसेल. पाच टोपल्या दिसतात का? खेळणी नाहीत आमच्याकडे, म्हणजे बाहुली, गाडी, ज्याकडे बघितलं की कळतं ह्याचं काय करायचं, असलं काही नाही. एका टोपलीत करवंट्या, एकीत तिसऱ्यांचे शिंपले — आईकडून उकळून घेतलेले, शिव्या खाऊन — एकीत जाळी तरंगायला लावतात ती बुचं, खाली मिरकरवाड्यात जुनी जाळी फाडतात ना, तिथून मी मागून आणायची, वास येतो, तीनदा धुवावी लागतात. मग आंब्याच्या पेट्यांच्या पट्ट्या, खिळे काढून, कडा घासून. आणि शेवटच्या टोपलीत सुतळी, चिंध्या, सुपारीच्या झाडाच्या गळलेल्या पोया, वाटेल ते. एवढंच. आणि काय काय करतात पोरं! करवंटीची टोपी होते, होडी होते, गणपतीचं पोट होतं. सलिल म्हणून आहे एक, तो एकदा सकाळभर पोटाशी करवंटी धरून बसला होता, कोणाला हात लावू देईना. मी विचारलं नाही काय आहे ते. विचारायचं नाही. हे बाईंनीच शिकवलेलं मला — ‘हे काय केलंस बाळा’ असं विचारलं की पोर बिचारं आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगतं, घर, नाहीतर विमान, आणि मग त्याला ते विमानच करत बसावं लागतं. आणि दुसरं म्हणजे करवंटीचं. सुटायच्या वेळी सगळं मोडून टोपलीत टाकायचं, पण कोणाचं अजून चालू असेल तर त्याने शेजारी एक करवंटी उपडी ठेवायची. उपडी करवंटी असली की हात लावायचा नाही. कोणी म्हणजे कोणी नाही. गंगाराम त्याच्या कडेकडेने केर काढायचा, कुरकुर करायचा, पण काढायचा. ज्याने केलं त्याने मोडायचं, आपलं आपण, मनात येईल तेव्हा. बाईंचाच नियम. माझा नाही हो, बाईंचा.

आयात. नाव ऐकलंस का? नाही, निर्यातवाली नाही — मुसलमानांत असतं नाव. खालच्या मोहल्ल्यातली, चार वर्षांची, सकिनाची मुलगी. बाप तन्वीर जहाजावर, तिकडे कुवेतच्या बाजूला, वर्षाने येतो. जूनमध्ये आली ती इथे एक शब्द न बोलता. मुकी नाही, घरी बोलते, सकिना म्हणते घरी कान किटतात, पण ह्या दारातून आत आली की कुलूप. पाणी हवं तरी नाही, शू लागली तरी नाही, माझा पदर ओढायची. कमिटीतले एक काका म्हणाले, ह्यांच्यात असंच असतं, मुलींना बोलायची सवय नसते. ह्यांच्यात! स्वतःच्या घरी बायको चहाचा कप ठेवून मान खाली घालून जाते, मी पाहिलंय, नि ह्यांच्यात म्हणे. असो. मी तिला बोल बोल केलं नाही. टोपल्या दाखवल्या. आणि माघ लागला असेल, थंडी होती थोडी, तिने कोपऱ्यात काहीतरी सुरू केलं. बुचं आणि पट्ट्या. सुतळीला गाठ येत नव्हती तर दातात धरून ओढायची. पहिल्या दिवशी वीतभर. सुटताना मी बघितलं तर शेजारी करवंटी, उपडी. दुसऱ्या दिवशी परत. कधी चार गोष्टी लावायची, कधी तीन काढायची, काढलेलं एकेक परत ज्या त्या टोपलीत. एकोणीस दिवस, गो! एकोणीस दिवस रोज ती करवंटी उपडी. बाकीची पोरं तिच्याभोवती वळसा घालून जायची, तो वेद, जो स्वतःच्या डब्यावरसुद्धा पाय देतो, तो जाताना दोन्ही हातांनी फ्रॉक धरल्यासारखी चड्डी धरून जायचा. मला वाटायचं — आता सांगायला काय — मला वाटायचं, ज्या दिवशी हे मोडायचं ठरेल त्या दिवशी ती बोलेल. का वाटायचं माहीत नाही.

आणि मग ते प्रदर्शन आलं. टाकाऊतून टिकाऊ. तुमच्या डी.एड.लासुद्धा असेल, सगळीकडे असतं, बांगड्यांचं झुंबर, आइस्क्रीमच्या काड्यांची विहीर, सगळं आयांनी केलेलं आणि खाली पोराचं नाव. एकवीस फेब्रुवारीला जिल्ह्याहून कोणी कोण येणार होते, त्यांच्या शेऱ्यावर संस्थेच्या मोठ्या शाळेच्या मान्यतेचं अवलंबून होतं म्हणे. बाई आदल्या दिवशी खोलीत आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मनू, हे कोपऱ्यातलं छान आहे गो, हे टेबलावर घेऊया, प्लायवर बसवून. मी म्हटलं, करवंटी उपडी आहे. म्हणाल्या, अगो, म्हणजे काय झालं? मी म्हटलं, बाई, ज्याने केलं त्याने — आणि त्या हसल्या. रागावल्या असत्या तर बरं. हसून म्हणाल्या, नियम मुलांसाठी असतो, आपल्याला नाही लागत. मी म्हटलं, सत्त्याऐंशी साली तुम्ही अध्यक्षांना वाकायला लावलंत. तर कपाळाला आठ्या — कधी? मी? मी असं म्हणेन का अध्यक्षांना? स्वप्न पडलं असेल तुला. म्हणजे बघ. सतरा वर्षं मी ज्या गोष्टीवर उभी होते ती बाईंना आठवतच नव्हती. ह्या मोठ्या माणसांचं हेच, आपल्याला एखादं वाक्य देतात, आपण जन्मभर जपून ठेवतो, आणि ह्यांनी ते सहज, चहा ओतावा तसं ओतलेलं असतं.

मग काय, मोडलं ते. मोडलं म्हणजे — वरून उचलता येत नव्हतं ना, सुट्टं सगळं, तर एकेक काढून प्लायवर परत लावायचं, फेविकॉलने. टिकाऊ. जागेवरचं जागेवर लावायचं ठरलं होतं, पण तसं कुठे जमतं, सुतळीच्या गाठी तिच्या दाताच्या होत्या, त्या सुटल्या त्या सुटल्या. आणि वाकडं होतं ते, म्हणजे तिचं मूळचं वाकडंच होतं, एका बाजूला कललेलं, ते सरळ केलं, कारण फोटो यायला हवा. वर लाल बूच बसवलं. ते तिचं नव्हतंच, टोपलीतलं दुसरंच होतं. मग बाई म्हणाल्या, अगो, हे तर आपलं दीपगृह! भगवती किल्ल्याच्या पुढचं! थर्माकोलची अक्षरं कापली — दीपगृह, कु. आयात, वय वर्षे चार.

कोणी म्हणजे?

अगो, तेच तर सांगत्येय. बाई शेजारी उभ्या होत्या, अध्यक्ष — आत्ताचे, सफारीवाले — खुर्चीत होते. बाई काय हाताला फेविकॉल लावून घेणार आहेत? मी. मी काढलं, मी लावलं. झालं समाधान? पहिल्यांदा मीच ती करवंटी उचलली. अशी, दोन बोटांनी, आणि टोपलीत टाकली, आवाजसुद्धा येऊ दिला नाही. बाकीची पोरं अंगणात गाणं बसवत होती, मला वाटलं त्यातच असेल ती. तीन-चार पट्ट्या लावून झाल्या आणि मागे कोणीतरी म्हणालं, नको.

मी आधी ओळखलाच नाही आवाज. कसा ओळखणार, ऐकलाच नव्हता कधी. घोगरा आहे गो तिचा आवाज, एवढ्याशा पोरीचा, म्हाताऱ्या बाईसारखा. वळून बघितलं तर दारात आयात. परत म्हणाली, नको ताई. दोन शब्द. आठ महिन्यांत पहिले दोन शब्द. आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या! ऐकलंत? बोलली! अहो, बोलली! धावत जाऊन उचललं तिला, अध्यक्षांच्या पुढ्यात नेलं, परत बोल बघू, राणी माझी, परत बोल, काय म्हणालीस, बोल — अध्यक्ष पण टाळ्या वाजवायला लागले, खिशातून गोळी काढली. काय म्हणाली ते कोणीच ऐकलं नाही. बोलली एवढंच ऐकलं. आणि ती बाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. रडली नाही. नुसती बघत होती, की ही ताई थांबते का. आणि माझ्या हातात पट्टी होती, फेविकॉल लावलेली, खाली गळायला लागली होती, आणि मी — गळत होती म्हणून — लावली. ती लावली, मग पुढची लावली. सगळं लावून पूर्ण केलं.

का म्हणजे काय? तू विचारतेस? तुला नाही कळायचं, तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे. आदल्या आठवड्यात बाई म्हणाल्या होत्या, मनू, एवढं प्रदर्शन नीट पार पाड, जूनपासून तुझी कायमची ऑर्डर काढते, डी.एड. नाही तरी मी बघते कमिटीचं. कायमची. बाबांच्या पुढ्यात नेऊन ठेवणार होते मी तो कागद, जेवायच्या ताटाशेजारी. म्हणजे त्यासाठी केलं असं नाही हां — नाही, त्यासाठीच केलं. खोटं कशाला बोलू तुझ्याशी, तू माझी कोण आहेस.

दुसऱ्या दिवशी सकिना आली प्रदर्शनाला, चांगला बुरखा घालून, पोरीचं नाव टेबलावर आहे म्हणून कौतुकाने. पाच मिनिटं उभी राहिली. मग म्हणाली, ह्या तिचा नाय. मी म्हटलं, थोडं नीट केलंय भाभी, चिकटवलंय. तर म्हणाली, रोज रात्री विचारते मला, माझा तिथंच ठेवलाय ना? मी सांगायची, ताई हाय ना तिथं, कोण हात लावील. एवढंच बोलली. भांडायला यायला हवं होतं तिने, शिव्या द्यायला हव्या होत्या. बुरखा सावरून निघून गेली.

आणि आता आयात काय करते सांगू? येते. रोज येते. आल्यावर भिंतीला टेकून बसते, हाताची घडी, तोंडावर बोट. आमच्या खोलीत कोणी शिकवलेलं नाही ते, शेजारच्या वर्गात बघून शिकली असेल. टोपलीकडे बघत नाही. बाईंनी तिच्या पानावर लिहिलंय, शिस्त लक्षणीय. लक्षणीय! आणि बाकीची पोरं — सलिलने गेल्या आठवड्यात करवंटी उचलली, मग थांबला आणि मला विचारतो, ताई, हे चिकटवणार का? म्हटलं नाही रे. तर म्हणतो, मग काय उपयोग. चार वर्षांचा मुलगा, मग काय उपयोग! आणि दीपगृहं. सगळे दीपगृह करतात आता, कारण दीपगृहाला टाळ्या मिळाल्या. मागच्या शनिवारी मोजली, अकरा दीपगृहं, सगळ्यांच्या डोक्यावर लाल बूच. लाल बुचांवरून मारामारी होते. अपेक्षित उत्तर आलं, गो. आता पाठ अजिबात फसत नाही.

म्हणून सोमवारी गेले बाईंकडे. म्हटलं, ते प्लाय मला द्या, मी आयातसमोर उखडते सगळं, तिच्या हातात देते. म्हणाल्या, वेडी आहेस का, जिल्ह्याला जाणार आहे ते. म्हटलं, मग निदान तिला सांगा, चुकलं म्हणून. तुम्ही सांगा, मीही सांगते. तर म्हणाल्या, चार वर्षांच्या पोरीची माफी मागू? उद्या डोक्यावर बसेल. आणि मग हळूच — ऑर्डरचं लक्षात आहे ना गो? तेव्हा मी कागद काढला आणि लिहिलं. कायमची नोकरी होती, हातातोंडाशी आलेली, लाथ मारली मी. आई दोन दिवस जेवली नाही. पण तेवढं तरी केलं, की नाही? लावताना हात थांबला नाही, पण नंतर तरी — त्या पोरीला कधी कळणार नाही, पण मला माहीत आहे ना, की मी ते घेतलं नाही. बाईंनी जे देऊ केलं ते मी घेतलं नाही. तेवढं एक आहे माझ्याकडे.

तुलाही म्हणतील हां, ऑर्डर काढते. तोंडी ऐकू नकोस. लेखी घे, सही-शिक्क्याचं, मोठ्या माणसांचं तोंडी काही — आहे? लेखी आहे? एवढ्यात? मी सोमवारी तर सोडलं, आज गुरुवार, तीन दिवसांत ह्यांनी — पोस्टाने? पोस्टाने तीन दिवसांत तुमच्या नाटे गावाला पोचलं? लांज्याचं पत्र आम्हाला आठ दिवसांनी येतं.

कधी आलं म्हणालीस?

दाखव. दाखव ना, खात नाही मी ते. ... शिक्षिका, बालवाडी विभाग, जून दोन हजार चारपासून, कायम. ही बाईंचीच सही, तो शेवटचा फराटा बाईंचाच. दिनांक — हा नऊ आहे की एकोणीस? नऊ. नऊ फेब्रुवारी. प्रदर्शन एकवीसला. मला म्हणाल्या ते... तेरा, चौदाला. नऊला तुला दिलं होतं. म्हणजे मला जेव्हा सांगत होत्या, तेव्हा तुझं पाकीट पेटीत पडूनसुद्धा —

नाही. तुझं काय चुकलं, तू कशाला ओशाळतेस. ने, घडी नीट घाल, चुरगळलं माझ्या हातून.

म्हणजे मी सोडलं ते काय सोडलं?

बोलावतायत बघ तुला. हो, तुलाच, माझं नाव असं नाही घ्यायच्या. पदर नीट कर. ही चावी घे, तूच दे त्यांना. डबा राहू दे, एक डबाच तर आहे. आणि आत गेलीस की त्या पोरीला एवढं — नको. तू काही सांगू नकोस तिला. जा.

जा ना, माझ्याकडे काय बघतेस.